काळविटाचं सोंग: नाशिकच्या खो-खो मैदानावर मॅस्कॉट होण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आलेला माल मोजायचा, नोंद करायची, मागेल त्याला काढून द्यायचा. आणि सामना असेल त्या दिवशी मी मुलींच्या एका खो-खो संघाचं काळवीट होते. मैदानाच्या कडेला, जेवणाच्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत लोक मला जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. ज्यांना स्वतः हे करून बघायचं आहे त्यांनी उकाड्याबद्दलचं उत्तर आधी वाचावं. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मॅस्कॉट म्हणजे दुकानाच्या उद्घाटनाला उभा असतो तो टेडीच ना?

पोशाख जवळजवळ तसाच, काम वेगळं. टेडी आज मोबाइलच्या दुकानासमोर असतो, उद्या कुणाच्या बारशाला. त्या पोशाखातली मुलं उन्हात तासन् तास उभी राहतात; त्यांचे कष्ट माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत आणि त्यांना पाणी विचारणारं बहुतेक वेळा कुणी नसतं. पुढच्या वेळी दिसला तर त्याला पाणी विचारा.

मॅस्कॉट एका संघाचा किंवा एका स्पर्धेचा असतो. सरकारी मराठीत त्याला शुभंकर म्हणतात. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांचा अप्पू हत्ती आमच्या आधीच्या पिढीला अजून आठवतो. त्यानंतर 2008 मध्ये पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांचा जिगर वाघ, 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धांचा शेरा, 2011 च्या क्रिकेट विश्वचषकाचा स्टंपी हत्ती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा तेजस आणि तारा ही हरणांची जोडी होती. त्या स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या रात्री आमच्या मुली झोपल्याच नाहीत.

तुम्ही यात कशा आलात?

माझी भाची या संघात खेळते. मी तिच्या सामन्यांना डबा घेऊन जायचे. पोशाख घालणारा कॉलेजचा मुलगा होता, एका रविवारी त्याची परीक्षा आली. काळविटाचं शीर गोणपाटाच्या पिशवीत मैदानाच्या कडेला पडून होतं आणि चौथी-पाचवीतल्या मुली एकसारख्या विचारत होत्या, "सर, हरीण कधी येणार?" सरांनी चारचौघांना विचारलं, कुणी तयार होईना. मी म्हटलं, द्या इकडे.

मी स्वतः दहावीपर्यंत खो-खो खेळले. पुढे लग्न, नोकरी, मुलं यांत मैदान सुटलं ते सुटलंच. शीर घातल्यावर पहिल्यांदा "खो" ऐकला तेव्हा गुडघे आपोआप वाकले. ते मला थांबवता आलं नाही आणि थांबवायचंही नव्हतं.

हे माझ्याच बाबतीत घडलं असं नाही. अमेरिकेतल्या सॅन डिएगोत 1974 साली टेड जियानुलस नावाच्या विद्यार्थ्याने एका रेडिओ केंद्राच्या जाहिरातीसाठी कोंबड्याचा पोशाख घातला आणि पुढे तेच त्याचं आयुष्य झालं. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाने 1978 मध्ये हिरवागार, लठ्ठ 'फॅनॅटिक' मैदानात आणला. त्याच्या आत डेव्ह रेमंड होता, संघाच्या कार्यालयात उमेदवारी करणारा मुलगा. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला फुटबॉल संघाचं माकड होणारा स्टुअर्ट ड्रमंड तर 2002 मध्ये गावाचा महापौर म्हणून निवडून आला, आणि नंतर आणखी दोनदा. माणसं अशीच येतात. कुणीतरी आलेलं नसतं आणि तुम्ही तिथे असता.

काळवीटच का? नाशिकचा म्हणजे बिबट्या हवा होता.

बिबट्याचं नाव निघालं होतं. पण निफाड-सिन्नरकडे उसाच्या मळ्यात बिबट्याने ज्यांच्या घरातलं माणूस नेलं आहे, त्यांच्या मुलीही आमच्याकडे खेळायला येतात. त्यांच्यासमोर हसरा बिबट्या नाचवणं मला पटलं नाही, सरांनाही नाही.

काळवीट आपल्या जिल्ह्यातलंच आहे. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी राखलेलं माळरान आहे. पहाटे गेलात तर कळप दिसतो. आणि खो-खो पाहिलेल्या माणसाला ते बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही: सरळ धाव, एकदम कलाटणी, मध्येच उंच उडी. आमची चांगली संरक्षक, म्हणजे पाठलाग चुकवत पळणारी मुलगी, अगदी तशीच पळते. पोशाखाची पाठ गडद तपकिरी, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी. शिंगं पिळाची आहेत आणि तीच सगळ्यात जास्त त्रास देतात. दारातून जाताना मान वाकवून, तिरकं होऊनच जावं लागतं. मांडवाच्या दोऱ्यांत ती दोनदा अडकली आहेत.

उकाडा किती होतो? सहन कसा करता?

सहन करायचा नसतो. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते.

आपलं अंग थंड होतं ते घाम उडून जाताना. फर आणि फोमच्या आत हवा कोंडते, त्यामुळे घाम उडत नाही, नुसता वाहतो. बाहेर हवा दमट असेल तर आणखी वाईट. म्हणून एप्रिलमधल्या कोरड्या संध्याकाळपेक्षा ऑगस्टमधल्या बंद हॉलचा सामना मला जास्त जड जातो. नवीन माणूस उन्हाळ्याला घाबरतो आणि पावसाळ्यात बेसावध राहतो.

दुसऱ्या वर्षी बाहेरगावी एका स्पर्धेला गेलो होतो. पाहुणे यायचे होते. "ताई, अजून दहाच मिनिटं काढा," असं आयोजकांनी तीन-चारदा सांगितलं आणि मी काढली. पाऊण तास आत होते. माझ्या आठवणीत मी मुलांना हात हलवत होते. भाचीने जे पाहिलं ते असं: काळवीट मैदानाकडे पाठ करून भिंतीला हात हलवत होतं. तिने धावत येऊन शीर उपटून काढलं. मी काहीतरी असंबद्ध बोलत होते म्हणे. मानेवर, काखेत ओले टॉवेल, डोक्यावर पाणी, पंखा. अर्ध्या तासाने ताळ्यावर आले. त्या दिवशी भाची खेळ सोडून माझ्याकडे धावली, याची मला अजून लाज वाटते आणि अभिमानही वाटतो.

तेव्हापासूनचे नियम पक्के आहेत. आत पंधरा मिनिटं, मग बाहेर निदान तेवढाच वेळ, सावलीत आणि शीर काढून. घड्याळ सोबत्याच्या हातात. माझ्या "अजून थोडं"ला किंमत नाही. आधी दोन तास थोडं थोडं पाणी प्यायचं, मधल्या वेळी ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्याने. आत सुती बनियन आणि डोक्याला सुती फडकं. डोकं दुखणं, मळमळ, अंगावर काटा येणं यातलं काहीही झालं की बाहेर. बोलणं भरकटलं, तोल गेला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजायचा, अंगावर पाणी ओतत राहायचं आणि 108 ला फोन करायचा. ताप असताना, गरोदरपणी, दमा किंवा हृदयाचा त्रास असताना हे करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

सोबती म्हणजे कोण?

पोशाखाबाहेरचा माणूस. तो नसेल तर मी शीर घालत नाही, मग समोर कुणीही पाहुणा असो.

आतून काय दिसतं?

काळविटाच्या डोळ्यांतून काहीच दिसत नाही. मी बघते ती त्याच्या तोंडातल्या काळ्या जाळीतून. समोरचा एक पट्टा दिसतो, साधारण परातीएवढा. स्वतःचे पाय दिसत नाहीत, बाजूचं काही दिसत नाही. दोन-तीन वर्षांचं मूल अगदी पायाशी आलं तर मला कळतच नाही. म्हणून पाऊल उचलून टाकायचं नाही, जमिनीवरून सरकवायचं. वळायचं तर आधी थांबायचं आणि मग सगळं अंग वळवायचं. रात्री दिव्यांच्या झोतात जाळी चमकते, तेव्हा समोरचंही अर्धं जातं.

यातून मी एक शिकले ते असं, की या कामात नाचण्यापेक्षा बघणं महत्त्वाचं. एवढ्याशा पट्ट्यातून कोण आपल्याकडे यायला बघतंय, कोण आईच्या पदरामागे लपलंय, आपली कुठली मुलगी बाद होऊन एकटी बसली आहे, हे हेरावं लागतं. नाच चांगला येणारे दोघे आमच्याकडे येऊन गेले. त्यांच्याभोवती गर्दी व्हायची, पण एकटी बसलेली मुलगी एकटीच राहायची.

सामना चालू असताना नेमकं काय करायचं?

आधी काय करायचं नाही ते. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, भोवती दीड मीटरची मोकळी पट्टी. त्या पट्टीत पाय ठेवायचा नाही. खांबांच्या मागे तर मुळीच उभं राहायचं नाही, कारण मुली तिथे सूर मारतात. पूर्ण वेगात आलेली मुलगी आणि सात किलोचा पोशाख घातलेलं माणूस यांची टक्कर झाली तर कुणाचं तरी हाड मोडेल.

दुसरं, आवाज. आपल्याकडे नाशिक ढोल म्हटलं की हात थांबत नाहीत, आणि मलाही ढोल प्रिय आहे. पण खो-खोत पाटीवर, म्हणजे मैदानात आखलेल्या जागेवर, बसलेल्या मुलीला पाठीमागून "खो" ऐकू यायला हवा, पंचांनाही तो ऐकू यायला हवा. ढोलात तो बुडाला तर आपलीच मुलगी अर्धा क्षण उशिरा उठते, आणि या खेळात अर्ध्या क्षणात गडी निसटतो. म्हणून ढोलवाल्यांशी आमचं ठरलेलं आहे: खेळ चालू असताना ढोल गप्प, विश्रांतीला हवा तेवढा वाजवा. कबड्डीवाल्यांनीही हे पाळावं. चढाईचा "कबड्डी, कबड्डी" दम पंचांना ऐकावा लागतो.

सामन्याचं वेळापत्रक मॅस्कॉटच्या सोयीचं आहे. 9 मिनिटं आक्रमण, 5 मिनिटं विश्रांती, पुन्हा 9 मिनिटं. हा झाला एक डाव. मग 9 मिनिटांचं मध्यंतर आणि पुन्हा तसाच दुसरा डाव. मी मुख्यतः विश्रांतीत आणि मध्यंतरात फिरते, आणि आमचं संरक्षण चालू असताना थोडा वेळ कडेला उभी राहते. संरक्षण करणाऱ्या तिघी तिघी मैदानात उतरतात. एखादी बाद होऊन बाहेर आली की मी तिच्यासमोर पंजा धरते. काही मुली जोरात टाळी देतात, काही बघतही नाहीत. दोन्ही चालतं, पंजा मात्र धरायचाच. दीड मिनिट टिकलेलीला आणि पाच सेकंदांत बाद झालेलीला सारखाच.

समोरच्या संघाला चिडवायचं नाही, त्यांच्या बाद गड्याची नक्कल करायची नाही. पलीकडची मुलगीही सकाळच्या एसटीने सुरगाण्याहून आलेली असते.

बोलता का?

नाही. काळवीट बोलत नाही. "हो"ला मान, "नाही"ला शिंगं, आनंदाला उडी. दुखलं-खुपलं तर डोक्यावर मूठ ठेवते. ती खूण फक्त सोबत्याला कळते.

लहान मुलं घाबरली तर?

घाबरतातच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मोठ्या डोक्याचं, न मिचकावणाऱ्या डोळ्यांचं जनावर आपल्याकडे चालत आलं तर तुम्हीही मागे सराल. चूक मोठ्यांची असते. फोटोसाठी रडणारं मूल माझ्या अंगावर ढकलतात. "काही करत नाही ते, जा, जा." तेव्हा मी स्वतः चार पावलं मागे जाते. आईबाबा कधी रागावतात. रागावू देत.

मी काय करते ते सांगते. दहाएक फुटांवर थांबते. हळूच एका गुडघ्यावर बसते, म्हणजे उंची कमी होते. दोन्ही पंजे पुढे, दिसतील असे. मग मूल सोडून दुसरीकडे बघते आणि वाट बघते. मनात आकडे मोजते. चाळीस-पन्नासपर्यंत बहुतेक मुलं एक पाऊल पुढे येतात. नाही आलं तर उठून लांबूनच हात हलवून जायचं. मूल उचलून घ्यायचं नाही, मांडीवर बसवायचं नाही, गर्दीपासून लांब कुठल्याही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही. हा शेवटचा नियम कुणी कितीही ओळखीचं असलं तरी मोडायचा नाही.

आत बाई आहे हे कळल्यावर लोक त्रास देतात का?

कळलं नाही तरी देतात. शेपूट ओढतात, पाठीत गुद्दे घालतात, आतमध्ये कोण आहे ते बघायला फर चाचपतात. पोशाख घातला की लोकांना वाटतं आत अंगच नाही. एकदा काही कॉलेजच्या मुलांनी घेरलं होतं. सोबत्याने शिट्टी वाजवली आणि आम्ही सरळ कपडे बदलायच्या खोलीत गेलो, सामना संपेपर्यंत परत आलोच नाही. तेव्हापासून सोबत्याच्या गळ्यात शिट्टी कायम असते. ज्या मैदानावर स्त्रियांसाठी कडी लागणारी खोली नाही, तिथे आम्ही पोशाख नेत नाही.

पोशाख कुठे मिळतो? धुता कसा?

तयार विकत मिळतात, पण त्यात वाघ, अस्वल आणि ससेच जास्त. आमचं शीर गणपतीचे देखावे करणाऱ्या एका कारागिराने फोममधून कोरलं. आतमध्ये जुन्या हेल्मेटची पट्टी बसवली, म्हणजे ते मानेवर नाही तर डोक्यावर टेकतं. शिंगं पोकळ आहेत. आधी ती भरीव होती, तेव्हा चार दिवस मान धरायची. तोंडाजवळ पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा आहे. तो गारवा देत नाही, पण जाळीवर वाफ धरू देत नाही आणि श्वास कोंडत नाही.

अंगाचा भाग सामना झाल्याच दिवशी बादलीत साबणाच्या पाण्यात हाताने धुते आणि उलटा करून वाळवते. शीर भिजवता येत नाही. आतून ओल्या फडक्याने पुसायचं, सर्जिकल स्पिरिट शिंपडायचं आणि वाऱ्याला ठेवायचं. स्पिरिट पूर्ण उडाल्याशिवाय देवघराच्या दिव्याजवळ किंवा गॅसजवळ नेऊ नका. फर भसकन पेटते.

पैसे मिळतात?

मला प्रवासखर्च आणि जेवण मिळतं. मागितलं असतं तर थोडं मानधनही मिळालं असतं, पण आमच्या संघाकडे मुलींच्या बुटांसाठी पैसे नसतात. तुम्ही मात्र मागा. मी घेत नाही म्हणून दुसऱ्यानेही फुकट करावं, हे बरोबर नाही. मोठ्या व्यावसायिक संघासाठी काम करत असाल तर दर, वेळ, विश्रांती आणि विमा कागदावर घ्या.

आत कोण आहे हे लपवता का?

मैदानावर लपवते. याचं उत्तर मला पेठच्या एका म्हाताऱ्या बाबांनी दिलं. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्यापासून खाली मोखाडा-जव्हारपर्यंत, होळीनंतर बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीवर रात्रभर सोंगं नाचतात. गावातलीच माणसं, दिवसा शेतात राबणारी. त्या बाबांनी अनेक वर्षं मुखवटा नाचवला होता. त्यांना मी विचारलं, लोकांना ठाऊक असतं ना आत कोण आहे? ते म्हणाले, "ठाऊक अस्तंय. पर मुखवटा हाय तवर कुनी नाव नाय घेत."

शहरातही काही वेगळं नाही. धुळवडीला जुन्या नाशकात दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो, तेव्हा लोक वीराला हात जोडतात. आतल्या माणसाचं घर कुठलं ते कुणी विचारत नाही. आमच्या मुलींना मी कोण ते माहीत आहे. तरी शीर घातल्यावर भाचीसुद्धा मला मावशी म्हणत नाही. म्हणून लोकांसमोर शीर काढायचं नाही. अपवाद एकच, जिवाचा. उष्माघाताची चिन्हं दिसली तर हजार माणसांसमोर काढा.

संघ हरल्यावर काय करता?

उड्या बंद. कोपऱ्यात मुली बसलेल्या असतात तिथे जाऊन शेजारी बसते. कुणी रडत असेल तर तिच्याकडे न बघता बसते. गेल्या वर्षी एका गुणाने हरलो तेव्हा आमच्या सगळ्यात अबोल मुलीने काळविटाच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडून घेतलं. मावशीच्या खांद्यावर तिने ठेवलं नसतं.

मला करायचं आहे. सुरुवात कशी करू?

मोठ्या संघाची वाट बघू नका. तुमच्या भागातल्या शाळेचा किंवा तालमीचा संघ सराव करतो तिथे महिनाभर नुसते जा, खेळ समजून घ्या. मग घरी जाड स्वेटर, डोक्याला टोपरं आणि पुठ्ठ्याचं खोकं घालून दहा मिनिटं आरशासमोर चाला. खोक्याला परातीएवढंच भोक ठेवा. हात खांद्याच्या वर नेऊन हलवायची सवय करा, कारण पोशाखात छोट्या हालचाली दिसतच नाहीत. खोक्यात जीव घाबरला तर हे काम सोडून सोबती व्हा. चांगला सोबती मिळणं जास्त अवघड आहे.

तुम्ही किती वर्षं करणार?

गुडघा दुखायला लागला आहे. संघात पूर्वी खेळलेली, आता के.टी.एच.एम. कॉलेजला जाणारी एक मुलगी शिकते आहे. मागच्या सामन्यात पहिला डाव मी केला, दुसऱ्या डावात शीर तिच्या डोक्यावर आणि घड्याळ माझ्या हातात. काळवीट बाहेरून कसं दिसतं ते मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. ते माझ्या कल्पनेपेक्षा उंच होतं. विश्रांतीत एक छोटा मुलगा आजीच्या मागे लपला, तेव्हा ती थांबली, गुडघ्यावर बसली, पंजे पुढे केले आणि दुसरीकडे बघायला लागली. मी तिच्या मागे उभी राहून मोजत होते. बासष्टला तो मुलगा आला आणि त्याने एका बोटाने शिंगाला हात लावला. घड्याळात तिची तेरा मिनिटं झाली होती. मी दोन मिनिटं आणखी थांबले आणि मग तिच्या पाठीवर दोनदा थापटलं.